चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत मंडळाच्या युवक मार्गदर्शन समितीतर्फे झालेले भाषण)



व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडल्यावर आम्हाला बऱ्याच जणांनी विचारले, "परवा अथर्वशीर्षावर प्रवचन झाले, काल नाट्यगीते झाली, आणि आज हे चीनच्या व्हिसाचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी बघायला मिळते. आमच्या समितीत आम्ही तिघे आहोत. एकाने आयुष्यभर बँकेत नोकरी केली, एकीने हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवले आणि एकजण वकिली करतो. मुले आणि त्यांचे आईवडील परदेशचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. पूर्वी हे कागद कॅनडाचे आणि ऑस्ट्रेलियाचे असत. आता अधूनमधून चीनचेही येऊ लागले आहेत. वर लिहिलेले असते "इंग्लिश टीचर". पगार युआनमध्ये, राहायला फुकट जागा, वर्षाअखेर विमानभाडे. घरात पेढे वाटून झालेले असतात आणि मग आमच्याकडे विचारणा होते, "एकदा नजर टाकता का?"

ती नजर टाकता टाकता जे आमच्या लक्षात आले, ते सगळ्यांसमोर मांडावे म्हणून आम्ही तिघांनी मिळून हे टिपण केले. आमचे म्हणणे थोडक्यात असे. चीनमध्ये शिकवण्याची नोकरी वाईट नाही. पण ती ज्या कागदावर उभी असते, तो कागद एकाच मालकाच्या आणि एकाच कामाच्या नावाने असतो. त्या कागदात खोट निघाली तर मालक दंड भरतो आणि मोकळा होतो, एजंट फोन बंद करतो आणि परक्या मुलखात पोलिसांसमोर उभा राहतो तो आपला मुलगा किंवा आपली मुलगी.

आधी हे बघू, की चीनला बाहेरचे इंग्रजी शिक्षक लागतात तरी का. तिथे 2001 नंतर प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण आले. बारावीनंतर जी मोठी प्रवेशपरीक्षा असते, जिला ते 'गाओकाओ' म्हणतात, तिच्यात चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीने परदेशी भाषेला वजन आहे, आणि बहुतेक मुले ती भाषा म्हणून इंग्रजीच घेतात. त्यात अनेक वर्षे एका जोडप्याला एकच मूल हे सरकारी धोरण होते. म्हणजे एका मुलामागे आईवडील, आजीआजोबा आणि आईकडचे आजीआजोबा अशी सहा माणसे आणि त्या सहाजणांची शिल्लक. मग गल्लोगल्ली, मॉलच्या मजल्यामजल्यावर इंग्रजीचे क्लास निघाले. आपल्याकडे आयईएलटीएसचे क्लास जसे निघाले तसेच. क्लासच्या दारावर परदेशी शिक्षकाचा फोटो लागला की फी वाढवता येते. शिक्षक कितीही आले तरी पुरत नव्हते, आणि जिथे माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त, तिथे दलाल येतोच. 2017 च्या सुमारास चिनी वृत्तपत्रांत आकडे आले होते. तिथल्या शिक्षणक्षेत्रात चार लाखांवर परदेशी माणसे काम करत होती, आणि त्यांतली जेमतेम एक तृतीयांश कायदेशीर कागदांवर होती, असे त्या बातम्यांत म्हटले होते.

आता कागदांकडे वळू. चीनच्या व्हिसावर एक इंग्रजी अक्षर असते, आणि सगळी गोष्ट त्या अक्षरात आहे. 'एल' म्हणजे पर्यटक. 'एम' म्हणजे व्यापारासाठी ये-जा. 'एफ' म्हणजे भेटी, दौरे, सांस्कृतिक देवघेव. 'एक्स' म्हणजे विद्यार्थी. आणि 'झेड' म्हणजे नोकरी. पगार घेऊन शाळेत किंवा क्लासात शिकवायला जाणाऱ्या सामान्य माणसाला 'झेड' लागतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी तिकडची संस्था तिथल्या सरकारकडे अर्ज करते आणि तुमच्या नावाने कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवते. ते पत्र दाखवून तुम्ही इथे चिनी वकिलातीच्या यंत्रणेकडून 'झेड' व्हिसा घेता. तिथे उतरल्यावर 30 दिवसांच्या आत रहिवासाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि कामाचा परवानाही पक्का करून घ्यायचा असतो. हॉटेलऐवजी घरात राहत असाल, तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करायची. म्हणजे 'झेड' ही फक्त दाराची किल्ली झाली. घरात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क पुढच्या दोन परवान्यांनी मिळतो.

आपल्या मंडळातल्या जुन्या घराण्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आपले पणजोबा, खापरपणजोबा इथे बडोद्यात आले ते कोणाच्या तोंडी आश्वासनावर आले नाहीत. कोणाकडे सनद होती, कोणाकडे दरबारचा हुकूम होता. दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत ते कागद लाल फडक्यात बांधून अजून जपलेले आहेत. कामाचा परवाना ही आजची सनद आहे. सनद कोणाच्या नावाची, कोणत्या कामाची, किती मुदतीची, हे आपले पूर्वज निघण्याआधी वाचून घेत. आपण मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर बॅगा भरतो.

आता जरा कडू भाग. चीनमध्ये एप्रिल 2017 पासून परदेशी कामगारांसाठी एकच परवानापद्धत देशभर लागू आहे. तिच्यात अ, ब आणि क असे वर्ग आहेत आणि शिक्षक बहुधा ब वर्गात येतात. सर्वसाधारण अट आहे पदवी आणि त्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, शिवाय गुन्हा नसल्याचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी. पण भाषाशिक्षकासाठी आणखी एक अट आहे. त्याने मुळात आपली मातृभाषा शिकवावी, आणि ती भाषा जिथली मातृभाषा आहे अशा देशातून पदवी घेतलेली असावी. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा शिकवण्याचे मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवाच्या अटीत सवलत मिळते. मातृभाषेच्या अटीत ती मिळत नाही. व्यवहारात इंग्रजीसाठी जे देश धरले जातात ते म्हणजे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्या यादीत भारत नाही.

हे ऐकून आमच्याकडे आलेल्या मुलांना राग येतो. बालवर्गापासून इंग्रजी माध्यम, आईशी बोलतानासुद्धा निम्मे शब्द इंग्रजी, आणि तरी म्हणे तुमचे इंग्रजी चालणार नाही! राग समजण्यासारखा आहे. या नियमावर टीका करता येईल, आणि जाहिरातीतल्या गोऱ्या चेहऱ्याच्या हौसेवर तर जरूर करता येईल. पण विमानतळावरच्या खिडकीत वाद घालून नियम बदलत नाही. म्हणून त्यातून सरळ निघणारा अर्थ आधी ध्यानात घ्या. जी नोकरी भारतीय पासपोर्टवर कायद्याने सहजासहजी मिळत नाही, ती एखादा एजंट आठ दिवसांत हातात ठेवत असेल, तर त्या आठ दिवसांत कुठला तरी कागद वाकवला गेला आहे. बहुधा व्हिसाचे अक्षर, किंवा कामाचे नाव, किंवा अनुभवाचा दाखला.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एका घरातली मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. ऑनलाइन शिक्षकप्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही तिच्याकडे होते. ऑफर आली, एजंटाला पैसे दिले, व्हिसाही आला. आमच्याकडे ती आली ती केवळ परकीय चलन किती न्यावे हे विचारायला. आमच्यातल्या बँकवाल्यांनी सवयीने पासपोर्ट उघडला तर व्हिसावर 'एम'. नोकरीच्या पत्रावर मात्र "पूर्णवेळ शिक्षिका". एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "सगळे असेच जातात, तिथे गेल्यावर बदलून मिळतो." आम्ही म्हटले, हे लेखी द्या. लेखी काही आले नाही. मुलगी गेली नाही. एजंटाकडून निम्मे पैसे परत आले, निम्मे बुडाले. त्या घरात चार दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते, हे आम्ही पाहिले. पण ती मुलगी आज रोज संध्याकाळी आपल्या घरी जेवते आहे.

"तिथे गेल्यावर बदलून मिळतो" हे वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवावे. पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर जाऊन तिथल्या तिथे नोकरीचा परवाना मिळणे हा सामान्य माणसाचा रस्ता नव्हे. बहुतेकांना देशाबाहेर पडून नव्याने 'झेड' घ्यावा लागतो. आणि तोवर जे शिकवले, ते सारे बेकायदा काम.

बेकायदा काम म्हणजे नेमके काय, तेही बघू. चीनचा परदेशी नागरिकांच्या येण्याजाण्याचा कायदा 1 जुलै 2013 पासून अमलात आहे. त्याच्या 43 व्या कलमात तीन गोष्टी येतात. पहिली, कामाचा आणि रहिवासाचा परवाना नसताना काम करणे. दुसरी, परवाना आहे, पण त्याच्या मर्यादेबाहेर जाऊन काम करणे. तिसरी, विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर काम करणे. शिक्षा 80 व्या कलमात आहे. दंड 5,000 ते 20,000 युआन. एक युआन साधारण 12 रुपये धरला तर हे साठ हजार ते दोन लाख चाळीस हजार रुपये झाले. प्रकरण गंभीर ठरले तर दंडाबरोबर 5 ते 15 दिवस कोठडी. पुढे देशाबाहेर पाठवणी झाली तर 1 ते 5 वर्षे पुन्हा प्रवेश नाही. हद्दपारीचा कडक आदेश झाला तर 10 वर्षे. चौकशीसाठी ताब्यात ठेवण्याची मुदत 30 दिवस, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात 60 दिवसांपर्यंत, अशीही तरतूद आहे.

त्याच कलमात मालकालाही दंड आहे. बेकायदा ठेवलेल्या प्रत्येक माणसामागे 10,000 युआन, एकूण जास्तीत जास्त एक लाख, शिवाय त्यातून झालेली कमाई जप्त. नोकरी लावून देणाऱ्या दलालालाही दंड आहे. म्हणजे कायदा एकट्या शिक्षकालाच धरतो असे नाही. पण हिशोब मांडून पाहा. चांगल्या चाललेल्या क्लासला एका शिक्षकामागचा दंड हा धंद्यातला खर्च असतो. शिक्षकाचे मात्र घर, पगार, परतीचे तिकीट आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जातले "आपल्याला कधी कोणत्या देशाने परत पाठवले आहे का?" या प्रश्नाचे उत्तर, हे सगळे एका दिवसात बदलते. आणखी एक गोष्ट आमच्या वकीलमित्रांनी आवर्जून सांगायला सांगितली आहे. चीनचा कामगार कायदा कागदावर चांगला आहे. मालकाने कामगाराचे ओळखपत्र अडकवून ठेवू नये, अनामत घेऊ नये, नोकरी सुटल्यावर तसा दाखला द्यावा, हे सगळे त्यात आहे. पण परवाना नसलेल्या परदेशी माणसाचे मालकाशी नोकरीचे नातेच तिथली न्यायालये मानत नाहीत. म्हणजे पगार बुडाला तर दाद मागायला जाणाराच आधी अपराधी ठरतो. वाईट मालकाला हे पक्के माहीत असते.

आता कोणी म्हणेल, आमच्या मुलाकडे खरा 'झेड' आहे, खरा परवाना आहे, मग काळजी कसली? काळजी थोडी कमी, इतकेच. परवान्यावर मालकाचे नाव असते. त्या मालकाने "उद्यापासून सकाळी अमुक बालवाडीत जाऊन शिकवा, आमचा त्यांच्याशी करार आहे" असे सांगितले आणि त्या ठिकाणाची परवान्यात नोंद नसली, तर बालवाडीत तपासणी झाल्यावर अडचणीत येतो तो शिक्षक. रविवारी एखाद्या श्रीमंत घरी शिकवणी केली, दोनचारशे युआन पाकिटातून मिळाले, तेही मर्यादेबाहेरचे काम. आपल्याकडे शिक्षकाने संध्याकाळी दोन शिकवण्या करणे ही सभ्य गोष्ट समजली जाते. तिथे परदेशी शिक्षकासाठी ती जोखीम आहे.

नोकरी बदलायची झाली तर आणखी एक गाठ आहे. जुन्या मालकाने कार्यमुक्तीचा दाखला द्यावा लागतो आणि जुना कामाचा परवाना रद्द करून द्यावा लागतो. मग नवा मालक तुम्हाला घेऊ शकतो. कायद्याप्रमाणे शिक्षकाने 30 दिवसांची लेखी सूचना दिली की राजीनामा होतो. पण मालकाने दाखला द्यायला रोज "उद्या या" म्हटले, तर रहिवासाच्या मुदतीचे घड्याळ चालूच राहते. मुदत उलटून राहिले तर 78 व्या कलमाखाली दिवसाला 500 युआन, जास्तीत जास्त 10,000 युआन दंड किंवा 5 ते 15 दिवसांची कोठडी होऊ शकते. म्हणून भांडण पगाराचे असले तरी लक्ष तारखेवर ठेवावे लागते.

आणि कधी कधी मालकच बुडतो. 24 जुलै 2021 रोजी चीन सरकारने शाळकरी मुलांवरचा गृहपाठाचा आणि क्लासचा बोजा कमी करण्याचे धोरण जाहीर केले. पहिली ते नववीच्या विषयांचे खासगी क्लास नफ्यासाठी चालवायचे नाहीत, नवे परवाने नाहीत, शनिवार-रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि मोठ्या सुट्टीत वर्ग नाहीत, शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांना इंग्रजीसह शालेय विषयांचे क्लास नाहीत. हजारो कोटींचा धंदा काही महिन्यांत बसला. वॉल स्ट्रीट इंग्लिशसारखी जुनी साखळी त्याच ऑगस्टमध्ये चीनमधून उठली. न्यू ओरिएंटल या तिथल्या सगळ्यांत प्रसिद्ध क्लासने साठ हजार माणसे कमी केल्याचे तिच्या संस्थापकांनीच नंतर सांगितले. ज्यांचा परवाना अशा संस्थेच्या नावाने होता, त्यांची सनद देणारा दरबारच उठला. त्याच धोरणात हेही होते, की चीनबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांना क्लाससाठी नेमायचे नाही. तेव्हा "घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवा, नोंदणी फी भरा" अशी जाहिरात आजही फिरताना दिसली, तर फी भरण्याआधी हे वर्ष आठवा.

आता वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या मुलांविषयी. आपल्या ओळखीच्या घरांतून, महाराष्ट्रातून, गुजरातेतून कितीतरी मुले चीनमध्ये एम.बी.बी.एस.ला गेली आहेत. त्यांचा व्हिसा विद्यार्थ्याचा. शेजारच्या बालवाडीतून बोलावणे येते, "आठवड्यात चार तास या, मुलांशी इंग्रजीत खेळा, तासाला रोख पैसे." मुलाला वाटते, घरावरचा भार हलका होईल. हेतू चांगलाच असतो. पण विद्यापीठाची परवानगी आणि रहिवासाच्या परवान्यावर पोलिसांच्या परदेशी विभागाची तशी नोंद, या दोन्ही गोष्टींशिवाय ते बेकायदा काम आहे. तिथे अडकला तर चार तासांची कमाई एका बाजूला आणि पाच वर्षांची डॉक्टरकी दुसऱ्या बाजूला. ज्या पालकांची मुले तिथे आहेत त्यांनी आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर एवढे विचारावे. रागावून नको, सहज विचारावे.

आमच्या एका सदस्यांनी मागच्या बैठकीत विचारले, "पण चीनमध्ये डॉ. कोटणीसांना केवढा मान आहे! भारतीयांना, त्यातून मराठी माणसाला, ते इतके अडवतील का?" सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांची सेवा करत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने ते आपल्या घरोघरी पोहोचले, आणि तिकडे शिजियाझुआंगला त्यांचे स्मारक आहे. तो मान खरा आहे. पण कोटणीस गेले ते रीतसर बोलावणे आल्यावर, काँग्रेसने पाठवलेल्या पथकातून. मानाने दार उघडते, चहाही मिळतो. तपासणीला आलेला शिपाई मात्र परवानाच मागतो.

मग करायचे काय? आम्ही सहा प्रश्न काढले आहेत. सही करण्याआधी ते विचारावे.

पहिला प्रश्न: व्हिसावर कोणते अक्षर येणार? उत्तर 'झेड' नसेल तर पुढचे पाच विचारायची गरज नाही.

दुसरा: कामाच्या परवान्याच्या सूचनापत्राची प्रत कुठे आहे, आणि त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे? ऑफर देणारा, करार करणारा, पगार देणारा आणि परवान्यावरचा, ही चारही नावे एकच हवीत.

तिसरा: त्या संस्थेचे चिनी लिपीतले पूर्ण नाव आणि तिचा 18 अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक काय? प्रत्येक नोंदलेल्या संस्थेला तो असतो आणि सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. भाषेची अडचण असेल तर चिनी जाणणाऱ्या कोणाला तरी गाठा. क्रमांक द्यायला जो कां कूं करतो, त्याला नमस्कार करावा.

चौथा: अर्जात माझ्या नावाने काय काय लिहिले आहे? एजंट कधी दोन वर्षांचा अनुभव स्वतःच लिहून टाकतो, कधी "इंग्रजी शिक्षक" ऐवजी दुसरेच पद घालतो. सही तुमची असते. खोट्या माहितीवर व्हिसा घेण्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा आहे.

पाचवा: नोकरी सोडायची झाली तर काय? सूचनेची मुदत, दंडाची रक्कम, कार्यमुक्तीचा दाखला किती दिवसांत, हे करारात हवे. करार दोन भाषांत असेल तर कोणता मजकूर ग्राह्य, तेही पाहा. बहुधा चिनी असतो. तो भाषांतर करून घ्या.

सहावा प्रश्न एजंटाला: परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवायला आपल्या देशात 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. तुमचा नोंदणी क्रमांक काय? सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो पाहता येतो. एक गोष्ट आणखी. आखाती देशांना जाणाऱ्या, कमी शिकलेल्या कामगारांचे कागद सरकारी अधिकारी तपासतो. ज्या देशांसाठी ती तपासणी आहे त्यांच्या यादीत चीन नाही, आणि पदवीधरांना ती लागतही नाही. म्हणजे तुमचा करार विमानात बसण्याआधी कोणीही वाचणार नाही. तो तुम्हीच वाचायचा.

तिथे गेल्यावरही काही सवयी ठेवाव्यात. पासपोर्ट आपल्याजवळ. सगळ्या परवान्यांचे फोटो इथे घरी. पगार बँकेतून आणि कराची कापणी दाखवून. रोख पाकिटातला पगार हा वाईट शकुन समजावा. आणि अडचण आलीच, पोलिसांनी नेलेच, तर तीन गोष्टी. न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नये, दुभाष्या मागावा. भारतीय वकिलातीला कळवा असे शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगावे. तो मागण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला आहे. आपला दूतावास बीजिंगला आहे, आणि वाणिज्य दूतावास शांघाय, ग्वांगझू आणि हाँगकाँगला. घरच्यांनी इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आणि तिसरी, ओळखीच्या मध्यस्थाला पैसे चारून सोडवण्याच्या फंदात पडू नये. त्याने एका अडचणीच्या दोन होतात.

आता कोणी म्हणेल, तुम्ही सगळी भीतीच घातलीत. तसा आमचा हेतू नाही. चीनमध्ये रीतसर जाऊन चांगले काम करणारे भारतीय शिक्षक आहेत. ज्यांच्याकडे गणित, विज्ञान यांसारख्या विषयाची पदवी, बी.एड. आणि खरा अनुभव आहे, त्यांना आंतरराष्ट्रीय शाळांत विषय शिकवण्याची वाट आहे. विद्यापीठांत संशोधनाच्या आणि अध्यापनाच्या जागा असतात. पेकिंग विद्यापीठात हिंदी तर कित्येक दशके शिकवली जाते. या वाटांना वेळ लागतो. कागद जमवायला सहासहा महिने जातात. पण त्या वाटेने गेलेला माणूस तिथे रात्री स्वस्थ झोपतो, आणि सुट्टीला घरी आला की पुन्हा परत जाऊ शकतो.

त्या मातृभाषेच्या अटीबद्दल एक मनातले सांगतो. एका सरकारच्या नियमात, माणसाने आईकडून घेतलेली भाषा ही त्याची पात्रता मानली आहे. आपल्या मुलांना इंग्रजी आली पाहिजे, यात वाद नाही. पण इंग्रजी ही आपली मिळवलेली विद्या आहे, आपला जन्माचा हक्क नव्हे, आणि बाहेरच्या जगात ती तशीच मोजली जाते. हे घरी आधी समजले, तर मुले तिथल्या खिडकीत कमी दुखावतील, आणि आपल्याकडे खरोखर काय आहे त्याचा विचार अधिक करतील. इथे चार पिढ्या गुजरातीत व्यवहार करून आणि मराठीत ओव्या म्हणून आपण टिकलो, ते कुठली भाषा कुठे चालते याचे भान ठेवूनच.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाने कागद आणला की "लोक काय म्हणतील, संधी हातची जाईल" म्हणून घाई करू नका, आणि "चीनबिन काही नको" म्हणून फाडूही नका. कागद टेबलावर ठेवा, चष्मा लावा आणि ते सहा प्रश्न विचारा. मुलगा चिडला तर चिडू दे. मुलगी तिथे असेल आणि काही बोलत नसेल, तर तिला आधी हे सांगा की घराचे दार उघडे आहे, झाले ते पैसे गेले तरी चालतील. पुष्कळ मुले वाईट नोकरीत अडकून राहतात ती एजंटाच्या भीतीने नव्हे. वडिलांनी कर्ज काढले आहे, आता कोणत्या तोंडाने परत जाऊ, या विचाराने राहतात. त्यांचे तोंड आपण आधीच मोकळे करून ठेवले, तर निम्मे काम झाले.

समिती दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात असते. फी नाही. फक्त मूळ कागद आणावेत. मोबाइलवरचा फोटो आमच्या चष्म्यांना वाचता येत नाही.

विघ्नहर्त्याला आपण रोज विघ्न हरण्याची प्रार्थना करतो. जी विघ्ने वाचून टळतात, ती वाचून टाळू या.

गणपती बाप्पा मोरया!